कापड बसवणारे हात

(घाटंजी येथे स्त्री-गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेले चार दिवस आपण कयाक, म्हणजे एका माणसापुरती अरुंद, हलकी होडी बांधतो आहोत. तलावात जाळे लावायला ती उपयोगी पडेल. प्लायवूडच्या फळ्या तारेने शिवून झाल्या, सांधे भरले. काल फायबरग्लासचे कापड चढवले. त्यात माझी चूक झाली, ती आधी सांगते.

मी सकाळी दहाला काम सुरू केले. ऊन चढले तसे लाकूड तापले, त्यातली हवा बाहेर आली आणि ओल्या कापडाखाली फुगे उठले. डब्यातले इपॉक्सीही बघता बघता घट्ट झाले. तेवढा भाग घासून काढावा लागला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम सावलीत आणि ऊन उतरल्यावरच करायचे. निवणारे लाकूड इपॉक्सी आत ओढून घेते.

संध्याकाळी तुम्ही सूत्रे हाती घेतलीत. कापड कोरडेच पसरले. कण्यापासून कडांकडे तळहाताने चुण्या सारल्या. मिश्रण थोडे थोडे कालवून पसरट ताटलीत ठेवले, कारण खोल डब्यात ते आपल्याच उष्णतेने तापते. मध्यावर ओतून पट्टीने बाहेर ओढले. कापड पारदर्शक झाले की भिजले. पांढरे राहिले तर इपॉक्सी कमी, डबके चकाकले तर जास्त. मग कापड तरंगते. टोकाच्या वळणावर उरेब पट्टी बसते, हे ब्लाऊज शिवणारीला सांगावे लागले नाही. एक जण म्हणाली, "गोधडीले अस्तर लावतो तसंच हाये ताई हे."

कयाक मुळात आर्क्टिक प्रदेशातल्या इन्युइट लोकांची. सांगाडा पुरुष करीत, त्यावर सीलचे कातडे बायका शिवत. टाक्यातून पाणी झिरपले तर शिकाऱ्याचा जीव जाई. इतके जोखमीचे ते शिवणकाम होते. आपल्याकडे मात्र शिवणे, सारवणे हे 'बायकांचे हात चालणे' ठरते, कसब ठरत नाही.

याचा संबंध थेट मजुरीशी आहे. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. पुढे २०१९च्या वेतन संहितेत तेच तत्त्व आले. पण हजेरीपत्रकावर पुरुष 'कारागीर' आणि बाई 'मदतनीस' असली, की काम वेगळे दाखवून पैसे कापायला वाट मोकळी होते. दुसरी वाट अनुदानाची. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर स्त्रियांना ६० टक्के अनुदान ठरले. चांगलेच झाले. पण वाढीव अनुदानासाठी अर्जावर बाईचे नाव आणि होडी दुसऱ्याच्या ताब्यात, असे होऊ द्यायचे नाही.

म्हणून तीन गोष्टींचा आग्रह धरा. हजेरीपत्रकात कामाचे खरे नाव लिहून घ्या. नाव तुमचे असेल तर होडी, पासबुक आणि सहीही तुमच्याच हाती ठेवा. आणि हातमोजे व मास्क काम देणाऱ्याकडून मागून घ्या. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. घासताना उडणारी काचेची धूळ नाकाडोळ्यांत जाते. "बायकांना सवय असते" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

कापडाची वीण अजून बोटाला लागते आहे. ती भरायला आज ऊन उतरल्यावर इपॉक्सीचा दुसरा हात द्यायचा आहे. मी ताटली धरीन, पट्टी तुम्ही चालवा. आणि वहीत आजच्या कारागिरांची नावे तुम्हीच लिहा.