लगामाची नोंद

एखादी कचेरी एका इमारतीतून दुसरीत हलवावी, मात्र कामकाज घटकाभरही बंद राहू नये, असा हुकूम सुटला तर काय होईल? दप्तरातले पान उतरवून पलीकडे पाठवावे, तोच अलीकडचा कारकून मूळ पानावर नवी नोंद करून मोकळा! ते पान पुन्हा पाठविणे आले.

संगणकांच्या जगात हा खटाटोप नित्याचा आहे. एका प्रत्यक्ष यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे नांदतात, आणि त्यांतले एखादे चालू स्थितीतच दुसरीकडे नेता येते. केंब्रिज व कोपनहेगन येथील संशोधकांनी २००५ साली ही रीत एका निबंधात तपशिलाने मांडली. स्मृतीची सर्व पाने आधी पाठवावयाची, मग तेवढ्यात बदललेली, मग त्यानंतर बदललेली. शिल्लक अगदी थोडी उरली की यंत्र क्षणमात्र थांबवून तीही न्यावयाची.

पण पाने बदलण्याचा वेग वाहतुकीहून अधिक असेल तर शिल्लक सरतच नाही. यावर क्यूईएमयू या मुक्त प्रणालीने योजलेला उपाय म्हणजे कारकुनाचाच हात धरणे. २०१५ सालच्या २.५ या आवृत्तीपासून हा लगाम टप्प्याटप्प्याने आवळता येतो. ही सोय मागितली तरच मिळते. आरंभी २० टक्के, मग दर वेळी १० टक्के अधिक, असे करीत तो ९९ टक्क्यांपर्यंत जातो. २० टक्क्यांना प्रोसेसर १० मिलिसेकंद काम करून अडीच मिलिसेकंद झोपतो. ९९ टक्क्यांना तितक्याच कामानंतर ९९० मिलिसेकंद! अशा यंत्रास चालू म्हणणे हा केवळ शिष्टाचार होय.

आतल्या यंत्राला याची सूचना कोणी देत नाही. तेथील माणसाला एवढेच दिसते की पगारपत्रके निघत नाहीत, आणि तो निर्दोष कार्यक्रमात दोष शोधीत बसतो. म्हणून स्थलांतराच्या स्थितिदर्शक अहवालात लगामाचा टक्का दाखविण्याची जी तरतूद झाली, ती मला लगामाइतकीच मोलाची वाटते. लगाम चढला की तो आकडा अहवालात प्रकटतो. कचेरीतली माणसे विलंब सोसतात. विनाकारण भासणारा विलंब त्यांस सोसवत नाही.

आकडा ७० वा ८० दिसू लागला, तर व्यवस्थापकाला स्थलांतर रद्द करता येते. पाठविलेली पाने वाया जातात खरी, पण मूळ यंत्र आपल्या जागी पूर्ववत वेगाने चालू लागते.