गेन आणि व्हॉल्यूम : बास गिटारच्या ॲम्प्लिफायरमधील दोन टप्पे

बास गिटारच्या ॲम्प्लिफायरवर गेन आणि व्हॉल्यूम असे दोन नॉब असतात आणि कोणताही फिरवला तरी आवाज वाढतो. त्यामुळे दोन्हींचे काम एकच, असा समज रुजला आहे आणि अनेक वादकांचा चांगला स्वर त्या समजापायी वाया जातो. या समजाला थोडा इतिहासही कारण आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बासमन हा ॲम्प्लिफायर आला, तेव्हा त्यावर आवाजासाठी एकच नॉब होता. आत येणारा संकेत किती वाढवायचा आणि बाहेर आवाज किती सोडायचा, हे दोन प्रश्न वेगळे विचारण्याची सोयच नव्हती.

पिकअपच्या चुंबकीय क्षेत्रात तार हलली की अत्यंत क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. तो कामाच्या पातळीला आणणाऱ्या पहिल्या टप्प्याला प्रीॲम्प म्हणतात आणि गेनची सत्ता तेवढ्यापुरतीच चालते. तेथून संकेत बास, मिड व ट्रेबल या नॉबांमधून मास्टर व्हॉल्यूमपाशी येतो आणि शेवटी पॉवर ॲम्प त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. गेन फार कमी ठेवला तर पुढे व्हॉल्यूम चढवताना संकेताबरोबर सर्किटची स्वतःची खरखरही वाढते. उलट गेन अति झाला तर लहरीचे गोलाकार माथे सपाट छाटले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. व्हॉल्व्हच्या यंत्रात ही छाटणी हळुवार होते आणि रॉक संगीतात ती मुद्दाम हवीही असते, ट्रान्झिस्टरच्या यंत्रात मात्र ती बहुधा एकदम कर्कश होते. प्रीॲम्पमध्ये छाटलेला माथा पुढे व्हॉल्यूम उतरवल्याने परत येत नाही, आणि क्रमाचे सारे महत्त्व याच एका गोष्टीत आहे.

म्हणून मास्टर व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, गिटारवरील व्हॉल्यूम पूर्ण उघडून, प्रथम गेन लावावा. या वेळी सर्वांत जाड तार, जिचा मोकळा स्वर सेकंदाला सुमारे ४१ आवर्तनांचा असतो, ती कार्यक्रमात जितक्या जोराने वाजणार तितक्याच जोराने छेडावी. अंगठ्याने तारेवर ठोका मारून वाजवण्याची म्हणजे स्लॅपची शैली असेल तर तोही ठोका मारून पाहावा, कारण बोटांच्या मऊ छेडीवर लावलेला गेन त्या ठोक्यापुढे टिकत नाही. पीकचा लाल दिवा सर्वांत जोरकस आघाताला क्षणभर लुकलुकेल तेथपर्यंत गेन न्यावा आणि किंचित मागे घ्यावा. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे प्रीॲम्प अंगातच असलेली, म्हणजे ॲक्टिव्ह, गिटार बहुधा मोठा संकेत पाठवते. तिच्यासाठी पुष्कळ यंत्रांवर वेगळे इनपुट किंवा पॅडचे, म्हणजे आत येणारा संकेत कमी करणारे, बटण असते आणि ते वापरण्यात कोणताही कमीपणा नाही.

यानंतर व्हॉल्यूमची पाळी येते, आणि येथे वॅटच्या आकड्यांवर फार विसंबू नये. शक्ती दुप्पट केली की पातळी जेमतेम ३ डेसिबलने चढते; कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. बासचा नॉब ६ डेसिबलने वाढवणे म्हणजे त्या खालच्या स्वरांसाठी पॉवर ॲम्पकडे चौपट शक्ती मागणे होय, आणि पीकचा दिवा शांत असतानाही आवाज फाटू लागला तर पहिला संशय या नॉबवर घ्यावा.

त्यात मानवी कानाचा स्वभावही मिसळतो. हार्वे फ्लेचर आणि विल्डेन मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आलेखांवरून हे स्पष्ट झाले, की हळू आवाजात कानाला खालचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने फार कमी जाणवतात आणि आवाज चढला की हा फरक बराच भरून निघतो. घरी रात्री हलक्या आवाजात भरदार वाटावा म्हणून चढवलेला बासचा नॉब रंगमंचावर त्यामुळेच घुमू लागतो. तेथे गेनला हात न लावता, ढोलकी किंवा ड्रम वाजत असताना व्हॉल्यूम आधी ठरवावा आणि मग बास थोडा उतरवावा.