माशांचे बालपण आणि नदीचे पाणी

(भाषणाचा मजकूर)



कल्याणजवळ मोहने येथे उल्हास नदीचे पाणी बंधाऱ्यामागे अडते आणि तेथून ते शहरांच्या नळांकडे जाते. त्याच पाण्यात माशांची पिल्लेही वाढत असतात. पहिल्या पावसात मासे वलगणीस चढतात, तेव्हा त्यांच्या पोटी गाभोळी असते, हे ठाणे जिल्ह्यातील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु ही गाभोळी म्हणजे अंड्यांनी भरलेले अंडाशय. ते माशाच्या शरीरात केव्हा घडते, याचा विचार क्वचितच होतो.

अंड्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू नर की मादी, हे बहुतेक जातींत सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखता येत नाही. त्याच्या उदरपोकळीत धाग्यासारख्या दोन जननग्रंथी असतात. पुढील काही आठवड्यांत त्यांतून अंडाशय अथवा वृषण घडते. सामान्यतः अंडाशयाची घडण आधी दिसते, वृषणाची नंतर. भारतातील ओढ्यांत आढळणाऱ्या झेब्रा माशाच्या नराची ग्रंथी तर आरंभी अंडाशयासारखीच असते. नंतर तिचे वृषण होते. या घडणीस दिशा आनुवंशिकता देते. तथापि या नाजूक काळात पाण्याचे तापमान व संप्रेरके ती दिशा पालटू शकतात.

मत्स्यसंवर्धकांनी या गुणाचा उपयोग करून घेतला आहे. तिलापिया, म्हणजे बाजारातील चिलापी, भारतात 1952 साली आणली गेली. ती काही महिन्यांतच वीण घालू लागते आणि तळे खुरट्या माशांनी भरून जाते. म्हणून बीजकेंद्रांत पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे नर-संप्रेरक मिसळलेले खाद्य देतात. त्यामुळे जवळजवळ सर्व पिल्ले नर होतात व चांगली वाढतात. ही मुदत टळल्यावर तेच खाद्य दिले, तर तो परिणाम साधत नाही.

जे बीजकेंद्रात हेतुपुरस्सर घडते, ते नदीत नकळत घडू शकते. मानवी सांडपाण्यात स्त्री-संप्रेरके व गर्भनिरोधक गोळ्यांचे अंश असतात. इंग्लंडमधील नद्यांत वृषणातच अंडपेशी असलेले नर मासे सापडले. कॅनडातील एका प्रायोगिक तलावात 2001 ते 2003 या काळात असे संप्रेरक लिटरमागे अवघे पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा अंश पाच-सहा पट, एवढेच ठेवण्यात आले. तेथील एका लहान माशाची संख्या जवळजवळ संपुष्टात आली. मासे तडफडून मेले नव्हते. त्यांची पुढील पिढीच उभी राहिली नाही.

नदीवर मेलेले मासे तरंगले की गाव जागे होते. जननग्रंथींची हानी मात्र डोळ्यांना दिसत नाही. म्हणून उल्हासकाठच्या गावांनी व शहरांनी सांडपाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू नये. वलगणीच्या दिवसांत ओढ्यांची तोंडे जाळ्यांनी बंद करू नयेत. तलावाचा ठेका देताना बारीक आसाच्या जाळ्यांना मनाई करावी. शिक्षकांनी मुलांना काठावरील उथळ, शांत पाणी दाखवावे. माशांची पुढील पिढी नर-मादी होऊन उभी राहते, ती तेथेच. तेथील पाणी स्वच्छ राहिले, तर येत्या पावसाळ्यांतही मासे वलगणीस चढतील; आणि मोहन्याच्या बंधाऱ्यावरून नळाला येणारे पाणीही स्वच्छ राहण्यास साहाय्य होईल.