हवेचे माप आणि इंजिनाचा हिशेब

धान्याच्या बाजारातील मापाऱ्याचे काम वरवर सोपे वाटते. पायली भरावी, तिच्या तोंडावरून हात सपाट फिरवावा आणि 'लाभ' म्हणून मोजणीस आरंभ करावा. छत्तीसगढात धान मोजण्यासाठी हेच काम काठा करीत आला. पण मापाऱ्याच्या हाती कोणी नकळत मोठी पायली दिली, आणि त्याची गणती मात्र पूर्वीचीच चालू राहिली, तर काय होईल? मोजणीत एकही आकडा चुकणार नाही, तरीही हिशेब सर्वस्वी खोटा ठरेल. 1956 साली वजनमापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर 1958 पासून शेरांची जागा किलोग्रॅम घेऊ लागला, तेव्हा प्रत्येक दुकानदाराला दराची पाटीही नव्याने लिहावी लागली, ती याच कारणासाठी. माप बदलले की दर बदलावा लागतो.

मोटारीच्या इंजिनाला हवा मोजून देणाऱ्या एका लहानशा साधनाची कथा नेमकी हीच आहे. या साधनास 'एअरफ्लो सेन्सर' म्हणतात. मोटार हौसेने अथवा शर्यतीसाठी अधिक शक्तिमान करताना सेन्सर बसलेली नळी काढून तिच्या जागी अधिक व्यासाची नळी घालण्याचा मोह अनेकांस होतो. नळी बदलणे हे अर्ध्या तासाचे काम असते. तिच्याबरोबर हिशेब बदलणे हे खरे कौशल्य होय.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण ठरलेले असते. शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळावयास 1 ग्रॅममागे सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. इथेनॉल मिसळले की हा आकडा खाली येतो. कार्ब्युरेटरच्या काळात हे प्रमाण जेटच्या छिद्रावर सोपविलेले असे. पुढे इंधन फवारण्याचे काम संगणकाकडे आले आणि त्याला हवेचे वजन कळविणे भाग पडले. आकारमान कळवून भागत नाही. रायपूरच्या परिसरात मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. त्या उष्ण हवेचा एक लिटर हा 15 अंशांच्या हवेच्या एका लिटरपेक्षा वजनाने साडेनऊ टक्क्यांच्या आसपास हलका असतो. लिटर मोजून इंधन दिले, तर उन्हाळा आणि हिवाळा यांचा हिशेब कधीच जुळणार नाही.

ही अडचण तापलेल्या तारेने सोडविली. नळीतून जाणाऱ्या हवेच्या वाटेत प्लॅटिनमची बारीक तार किंवा पातळ पापुद्रा ठेवतात आणि विजेच्या साहाय्याने तिचे तपमान हवेपेक्षा ठरावीक अंशांनी अधिक राखतात. हवा जितकी जास्त, तितकी तार लवकर निवते. ती गरम ठेवण्यास जितकी वीज लागते, तिच्यावरून हवेचे वजन समजते. अशा तारेपासून उष्णता किती निघून जाते, याचे गणित किंग या शास्त्रज्ञाने 1914 साली मांडले होते. मोटारीत ही युक्ती 1980 च्या दशकाच्या प्रारंभी बॉशच्या यंत्रणेतून रूढ झाली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. तार सगळी हवा मोजत नाही. नळीच्या मध्यभागी तिच्या अंगावरून जो अल्पसा प्रवाह जातो, तेवढाच ती जाणते आणि त्यानुसार काही व्होल्टचा संकेत पाठविते. इतक्या व्होल्टला इतके ग्रॅम हवा, हे कोष्टक संगणकाच्या स्मृतीत लिहिलेले असते आणि ते त्याच एका व्यासाच्या नळीसाठी खरे असते.

आता उदाहरण घेऊ. मूळ नळीचा आतील व्यास 70 मिलिमीटर आहे आणि तिच्या जागी 80 मिलिमीटरची नळी बसविली. व्यास केवळ एक सप्तमांशाने वाढला. पण हवेची वाट व्यासाच्या वर्गाने रुंदावते. 6400 भागिले 4900 म्हणजे 1.306. वाट तीस टक्क्यांहून अधिक रुंद झाली. इंजिन पूर्वीइतकीच 100 ग्रॅम हवा ओढत असले, तरी तारेवरून जाणारा प्रवाह विरळ होतो आणि संगणकाला वाटते की आत केवळ 76.6 ग्रॅमच हवा आली. तो तेवढ्यापुरतेच इंधन देतो. 14.7 चे प्रमाण 19.2 वर जाते. इंजिन उपाशी राहते.

मंद गतीत हे लगेच उघड होत नाही. धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर कमतरता ओळखतो आणि संगणक थोडे थोडे इंधन वाढवीत जातो. परंतु या दुरुस्तीला मर्यादा असते. पुष्कळ यंत्रणांत ती पंचवीस टक्क्यांच्या आसपास असते, आणि येथे तीस टक्क्यांहून अधिक हवी असते. शिवाय पाय पूर्ण दाबला असता बहुतेक यंत्रणा ऑक्सिजन सेन्सरचे ऐकणे सोडून कोष्टकावरच विसंबतात. म्हणजे ज्या क्षणी इंजिनावर सर्वांत अधिक भार असतो, त्याच क्षणी त्याचा सांभाळ करणारा कोणी नसतो.

याहून गंभीर गोष्ट ठिणगीची आहे. हवेच्या आकड्यावरूनच संगणक इंजिनावरचा भार ओळखतो. हवा कमी दिसली की भार हलका समजून तो ठिणगी लवकर पाडतो. इंधन तोकडे आणि ठिणगी अवेळी, अशा दुहेरी आपत्तीत इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागतात आणि हे ठोके दीर्घकाळ चालले तर पिस्टन वितळण्यापर्यंत मजल जाते.

येथेच एक फसवा उपाय पुढे येतो. नळी तीस टक्क्यांनी रुंद झाली, मग इंधन फवारणारे इंजेक्टरही तीस टक्क्यांनी मोठे घालावे आणि कोष्टकाला हातच लावू नये! मिश्रणाचे प्रमाण मग अचूक दिसते, इशाऱ्याचा दिवा लागत नाही. पण मापाऱ्याने मोठ्या पायलीला मोठी पिशवी जोडली, म्हणून वहीतील आकडा खरा होत नाही. संगणकाच्या लेखी भार अजूनही हलकाच असतो आणि ठिणगी अजूनही लवकरच पडते. दोष नाहीसा झालेला नसतो; तो दृष्टीआड झालेला असतो. प्रदूषणाची तपासणी गाडी उभी असताना, भाराविना होते; तिच्यातही तो सापडत नाही.

सरळ मार्ग असा. प्रथम कोष्टकातील व्होल्टचा रकाना तसाच ठेवून ग्रॅमचा रकाना 1.306 ने गुणावा. व्होल्टला गुणणे चूक होय, कारण तारेचे निवणे हवेच्या सरळ प्रमाणात होत नाही. हा झाला आरंभीचा अंदाज. तो पुरेसा नसतो, कारण हवा नळीच्या सर्व भागांतून सारख्या वेगाने वाहत नाही. सेन्सरच्या आधी लगेच वळण असेल, तर प्रवाह एका बाजूस कलतो. म्हणून आधी शक्य तितकी सरळ नळी हवी आणि मूळ जाळी असल्यास ती काढू नये.

त्यानंतर प्रत्यक्ष पडताळा. इंधनाचा दाब योग्य आहे, सेन्सरनंतर कोठेही हवा चोरवाटेने आत येत नाही, इंजेक्टरचे आकडे बरोबर आहेत, एवढे निश्चित करून संगणकाने पूर्वी शिकलेल्या दुरुस्त्या पुसाव्यात. मग निरनिराळ्या भारांवर व्होल्ट आणि मिश्रण यांची नोंद घ्यावी. एखाद्या व्होल्टला संगणकास आठ टक्के इंधन वाढवावे लागले, तर त्या ठिकाणचा ग्रॅमचा आकडा 1.08 ने गुणावा. अशी प्रत्येक जागा सुधारून वक्ररेषा सलग करावी आणि पुन्हा तपासावे. पूर्ण भाराची परीक्षा रस्त्यावर न घेता डायनामोमीटरवर, रुंद पल्ल्याच्या ऑक्सिजन मापकासह घ्यावी.

आकडे खरे वाटतात की नाही, हे साध्या हिशेबानेही पाहता येते. 1600 घनसेंटिमीटरचे चार-धावी इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्यांवर फार तर सेकंदाला 80 लिटर हवा ओढील. म्हणजे सुमारे 90 ग्रॅम. टर्बो नसलेल्या अशा इंजिनासाठी कोष्टक 130 ग्रॅम दाखवू लागले, तर गुणाकार कोठेतरी दोनदा झाला असे समजावे. उलट, इंजिन मंद चालत असताना हवा फारच थोडी असते आणि रुंद नळीत तिचा वेग आणखी घटतो. तेथे सेन्सरचे वाचन डळमळते. म्हणून मूळ सेन्सरचा संकेत पूर्ण दाबावर आपल्या सीमेला टेकत नसेल, तर मोठ्या नळीने शक्ती मिळण्याऐवजी सूक्ष्मता मात्र गमावली जाते.

रायपूरच्या उत्तरेस असलेल्या बीरगांवसारख्या ठिकाणी आणखी एक पथ्य पाळावे लागते. शेजारी उरला आणि सिलतरा येथील पोलादाचे व स्पंज आयर्नचे कारखाने आहेत. हवेत लोखंडाची आणि कोळशाची बारीक भुकटी तरंगते. गाळणीतून निसटलेली धूळ तारेवर बसली की उष्णता अडते आणि सेन्सर हवा कमी सांगू लागतो. मळलेल्या तारेवर कोष्टक बांधले, तर तो मळच कोष्टकात कायमचा उतरतो. पुढे तार स्वच्छ झाली की सगळा हिशेब दुसऱ्या बाजूस ढळतो. तेव्हा आधी गाळणी बदलावी, योग्य द्रवाच्या फवाऱ्याने, ब्रश न लावता, तार धुवावी आणि मगच मोजमापास हात घालावा.

या उद्योगाचे क्षेत्रही मर्यादित आहे. आपल्याकडील बऱ्याच लहान पेट्रोल मोटारी हवेचे वजन न मोजता शोषनळीतील दाबावरून ते काढतात. त्यांना हा प्रश्नच नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलमही निर्मात्याने नोंदविलेल्या तपशिलांशी विसंगत बदलांस मनाई करते, हे सार्वजनिक रस्त्यावर गाडी नेणाऱ्याने विसरता कामा नये.

जो कारागीर हे काम मनापासून करतो, तो नळी बदलल्यावर गाडी जोरात पळाली यावर समाधान मानीत नाही. तो कोष्टकाची जुनी प्रत जपून ठेवतो, नव्या नळीचा व्यास, गुणक आणि तारीख वहीत लिहितो. दोन वर्षांनी ती गाडी दुसऱ्या कोणाच्या हाती गेली, तरी आत कोणते माप बसले आहे आणि कोणत्या दराने मोजावयाचे, हे त्याला त्या नोंदीवरून कळते.