लेझर झाले, तपासणी संपली नाही



मधुमेहाने दृष्टिपटल दुखावलेल्या अनेक ज्येष्ठांनी लेझर उपचार घेतलेले असतात. उपचार पूर्ण झाला की चिंता मिटली, असा समज सर्वत्र आढळतो. आज त्याविषयीच बोलावयाचे आहे.

मधुमेहात दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या झिरपतात, काही बंद पडतात. प्राणवायूला मुकलेल्या दृष्टिपटलावर मग नव्या, अतिशय नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो. दृष्टिपटलाच्या कडेच्या भागावर लेझरचे शेकडो ठिपके दिल्यास या वाहिन्या आक्रसतात. या उपचाराने तीव्र दृष्टिनाशाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटते, हे अमेरिकेतील मोठ्या अभ्यासाने १९७६ साली दाखवून दिले. मात्र लेझर बहुधा गेलेली दृष्टी परत आणत नाही. आहे ती राखते. मूळ व्याधी तर शरीरात तशीच असते.

म्हणूनच लेझरनंतर दृष्टिपटलाची छायाचित्रे घ्यावी लागतात. साध्या छायाचित्रात ठिपक्यांचे व्रण व नव्या वाहिन्या दिसतात. दुसरी तपासणी अँजिओग्राफीची. नोवोत्नी व ॲल्विस या दोन अमेरिकी वैद्यकीय विद्यार्थ्यांनी १९६१ साली तिची पद्धत प्रसिद्ध केली. हाताच्या शिरेतून फ्लुओरेसीन हे रंगद्रव्य देतात. कोणती वाहिनी झिरपते व कोठे रक्तपुरवठा थांबला आहे, हे त्यातून कळते. त्यानंतर दिवसभर लघवी पिवळी होते. त्याने घाबरू नये. तिसरी ओसीटी, १९९१ साली पुढे आलेली. तीत सुई नाही, रंग नाही. केवळ प्रकाशाने पीतबिंदूची सूज मायक्रॉनमध्ये मोजता येते. लेझरनंतर ही सूज कधी कधी वाढते, म्हणून ती मोजणे अगत्याचे.

बंधुभगिनींनो, एका चित्रापेक्षा दोन चित्रांची तुलना अधिक सांगते. जुने अहवाल व छायाचित्रे एका फाईलमध्ये जपून ठेवा आणि प्रत्येक भेटीत सोबत न्या. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते. म्हणून घरातील कोणीतरी बरोबर जावे. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके किंवा पडदा आल्यास पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रक्तातील साखर व रक्तदाब आटोक्यात ठेवणे, हा तर उपचाराचा पायाच होय.

स्पष्ट दिसते आहे, तेव्हाच तपासणीला जावे. दिसेनासे झाल्यावर हाती फारसे उरत नाही. घरातील वडीलधाऱ्यांची पुढील तारीख आज घरी गेल्यावर अवश्य पाहावी, एवढी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.