दुखणे थांबले, पण हाड सावरले काय?



कर्करोगाचा रुग्ण शहरातील रुग्णालयात किरणोपचार घेऊन गावी परततो. मांडीतील जी कळ त्याला महिना-दोन महिने झोपू देत नव्हती, ती दोन-तीन आठवड्यांत ओसरते. घरात समाधान पसरते. रुग्णालाही हुरूप येतो. तो काठी कोपऱ्यात ठेवतो आणि अंगणात हिंडू-फिरू लागतो. अशातच एखाद्या सकाळी उंबरठा ओलांडताना, किंवा अंथरुणावर नुसते कुशीवर वळताना, त्याचे मांडीचे हाड मोडते. घसरल्याचे निमित्त नसते, मार लागल्याचेही नसते.

असे घडले की गावात दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. कोणी म्हणतो, "लाईट दिल्यामुळे हाड जळाले." कोणी म्हणतो, "नशिबाचा भोग." या दोन्ही समजुती रुग्णाच्या हिताच्या नाहीत. पहिलीमुळे पुढचा रुग्ण उपयुक्त उपचार नाकारतो आणि दुसरीमुळे टाळता येण्याजोगा अपघात टाळला जात नाही. यास्तव या अस्थिभंगामागील कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

हाड पोखरते कसे?

स्तन, फुप्फुस, पौरुषग्रंथी, मूत्रपिंड आणि थायरॉइड या अवयवांचा कर्करोग रक्तावाटे हाडांपर्यंत पोहोचण्याची प्रवृत्ती विशेष आढळते. मणके, कटिबंध, बरगड्या आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग ही त्याची नेहमीची ठिकाणे होत. निरोगी हाडात जुने झिजविणाऱ्या व नवे बांधणाऱ्या पेशींचे काम समतोलाने चालते. कर्करोगाच्या पेशी झिजविणाऱ्या पेशींना चेतवितात. मग ज्याप्रमाणे वाळवी लागलेला वासा बाहेरून धड दिसतो, पण आतून पोकळ होत जातो, त्याप्रमाणे हाडाची अवस्था होते.

मांडीचे हाड शरीरातील सर्वांत लांब व बळकट हाड आहे. परंतु त्यावर पडणारा भारही तसाच मोठा असतो. साध्या चालण्यातही खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक दाब येतो. जिना चढताना किंवा अडखळताना तो आणखी वाढतो. हाडाचे बाहेरचे कठीण कवच पोखरले गेले, तर हा भार पेलणार कसा?

किरणोपचारांचे कार्य आणि मर्यादा

किरणोपचारांनी त्या जागेतील कर्करोगाच्या पेशी नष्ट होतात, दाह कमी होतो आणि वेदना शमते. हा लाभ बहुसंख्य रुग्णांना मिळतो. मात्र पोखरलेली जागा लगेच भरून निघत नाही. तेथे पुन्हा कॅल्शियम साठून हाड घट्ट होण्यास काही महिने लागतात आणि कित्येकदा ते पूर्ववत होतही नाही. प्रारंभीच्या काही आठवड्यांत तर हाड किंचित अधिक दुबळे होण्याचाही संभव असतो.

म्हणजेच वेदना आधी जाते आणि बळ मागाहून येते. या दोहोंमधील काळ हाच धोक्याचा काळ होय. वेदना ही त्या पायाची राखणदार होती. ती रुग्णाला भार टाकू देत नव्हती. राखणदार गेला, पण भिंत अजून बांधून झालेली नाही, अशी ही स्थिती असते.

धोक्याचे मोजमाप

कोणते हाड मोडेल याचा अंदाज बांधण्यासाठी मिरेल्स यांनी १९८९ साली एक गुणपद्धती मांडली. किरणोपचार दिलेल्या, परंतु शस्त्रक्रियेने आधार न दिलेल्या ७८ ठिकाणांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांपैकी २७ ठिकाणी सहा महिन्यांच्या आत हाड मोडले होते. त्यांनी चार गोष्टी विचारात घेतल्या: जागा कोणती, वेदना किती, हाड विरले आहे की घट्ट झाले आहे, आणि हाडाच्या रुंदीचा किती भाग व्यापला आहे. प्रत्येकीस एक ते तीन गुण दिले जातात. एकूण बारांपैकी सात वा त्याहून कमी गुण असल्यास किरणोपचार पुरेसे मानावेत, नऊ वा अधिक असल्यास हाड मोडण्यापूर्वीच शस्त्रक्रियेने आधार द्यावा आणि आठ गुण असल्यास डॉक्टरांनी तारतम्याने ठरवावे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पुढे नेदरलँड्समध्ये हाडांतील कर्करोगावरील किरणोपचारांची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. ८ ग्रे इतकी मात्रा एकाच दिवशी दिली काय किंवा ४ ग्रेच्या सहा मात्रा दिल्या काय, वेदनाशमन सारखेच होते असे दिसून आले. रुग्णालयापासून दूर राहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा होय. याच चाचणीतील मांडीच्या हाडात रोग असलेल्या १०२ रुग्णांची स्वतंत्र छाननी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ जणांचे हाड मोडले होते. हाडाच्या कवचाचा उभा पोखरलेला भाग ३० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे तीन सेंटिमीटरपेक्षा, अधिक असणे हे धोक्याचे मुख्य लक्षण असल्याचे त्या छाननीतून निष्पन्न झाले. क्ष-किरण चित्रावर मोजता येण्याजोगी ही खूण आहे.

धोका मोठा असल्यास हाडाच्या पोकळीत धातूची सळई बसविण्यात येते, अथवा खुब्याचा भाग बदलण्यात येतो. जखम भरल्यावर, साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी, किरणोपचार दिले जातात. हाड मोडल्यानंतर घाईने करावयाच्या शस्त्रक्रियेपेक्षा आधी केलेली शस्त्रक्रिया सोपी ठरते आणि रुग्ण लवकर पायांवर उभा राहतो. हाडाची झीज मंदावणारी इंजेक्शनेही उपलब्ध आहेत. मात्र ती सुरू करण्यापूर्वी दात तपासून घेणे आवश्यक असते.

घरी घ्यावयाची दक्षता

रुग्णालय सोडण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: "या पायावर किती भार टाकावा आणि केव्हापर्यंत?" त्याचे उत्तर लिहून घ्यावे. दुखणे थांबले तरी डॉक्टरांनी सांगेपर्यंत काठी, कुबड्या वा वॉकर सोडू नये.

जमिनीवर मांडी घालून वा उकिडवे बसणे, हंडा उचलणे, उभ्या-उभ्या पायाला पीळ देऊन वळणे टाळावे. शौचासाठी खुर्ची आणि निजण्यासाठी खाट असावी. न्हाणीघर कोरडे ठेवावे आणि रात्री वाटेत दिवा असावा. मांडीला जोराने मालिश करवून घेऊ नये. हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे तर कटाक्षाने टाळावे. मात्र रुग्णाला सर्वकाळ अंथरुणाला खिळवून ठेवणे हाही उपाय नव्हे. त्यामुळे शय्याव्रण होतात आणि पायांच्या शिरांत रक्त गोठते. सांगितलेल्या मर्यादेतील हालचाल चालू राहिली पाहिजे.

किरणोपचारानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वेदना थोडी वाढू शकते. तेवढ्याने घाबरू नये. परंतु उभे राहताच कळ येऊ लागली, थांबलेले दुखणे परत आले, किंवा मांडीतील रोग ठाऊक असताना गुडघा दुखू लागला, तर भार टाकणे तत्काळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. गुडघ्यात जाणवणाऱ्या वेदनेचे मूळ खुब्यात असू शकते.

हाड मोडलेच, तर रुग्णाला उभे करू नये. पाय आहे त्या स्थितीत उशा व फळ्यांनी आधार देऊन स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. कर्करोग आहे म्हणून आता काही करण्यात अर्थ नाही, असे मानणे चुकीचे होय. असे हाड नुसत्या प्लास्टरने सहसा नीट जुळत नाही. शस्त्रक्रियेने मात्र वेदना थांबते आणि बहुधा रुग्णाला पुन्हा चालता येते.

गावाचा वाटा

रुग्णालयाच्या कार्डावरील सूचना बहुधा इंग्रजीत असतात. गावातील शिक्षकांनी त्या घरच्या माणसांना मराठीत समजावून सांगितल्या, तरी अर्धे काम होईल. ग्रामपंचायतीने दोन वॉकर, एक शौचाची खुर्ची आणि एक चाकांची खुर्ची घेऊन ठेवली, तर ती एकामागून एक कितीतरी घरांच्या उपयोगी पडतील. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेखाली कर्करोगाच्या उपचारांस साहाय्य मिळते. त्यासाठीची कागदपत्रे आधीच तयार राहतील, हे अधिकाऱ्यांनी पाहावे.

हाडापर्यंत पोहोचलेला कर्करोग बहुतेकदा मुळासकट जात नाही. रुग्णाच्या हाती उरलेले दिवस कधी महिन्यांचे असतात, कधी वर्षांचे. ते दिवस त्याने अंथरुणावर विव्हळत काढावेत, की स्वतःच्या पायांनी अंगणात येऊन बसावे, हे पुष्कळदा वेळेवर काढलेल्या एका क्ष-किरण चित्रावर आणि हाती राहिलेल्या एका काठीवर अवलंबून असते. ती काठी लवकर सुटू न देणे, एवढे तरी घर व गाव यांच्या हातचे आहे.