वणवा आणि आमचे अंगठे

(होळीआधीच्या ग्रामसभांच्या मेळाव्यात झालेले भाषण. बोलले तसेच उतरवून घेतले आहे.)



मोहफूल पडायला आता थोडेच दिवस आहेत. वनखात्याच्या हिशेबात आगीचा मोसम सुरूही झाला, १५ फेब्रुवारी ते १५ जून. म्हणून आज दुसरं काही नाही, आगीवरच बोलू.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावाचं जंगल पेटलं. दोन रात्री आम्ही ओल्या डहाळ्यांनी आग झोडपली. बायाही होत्या. एका म्हातारीचा पाय भाजला. आग विझल्यावर, तिसऱ्या दिवशी साहेबलोक आले, पंचनामा लिहिला. आग विझवणाऱ्यांची मजुरी निघेल, अंगठे द्या म्हणाले. आम्ही दिले. मजुरी आली नाही. पुढं आमचा सामूहिक वनहक्काचा दावा उपविभागीय समितीपुढं गेला, तेव्हा तोच कागद फायलीतून निघाला. त्यात लिहिलं होतं की गावकऱ्यांनी मोह वेचण्यासाठी आग लावली, सबब हे गाव जंगल राखू शकत नाही. खाली आमचेच अंगठे! दावा अजून लटकलेला आहे.

आता आग लागली कुठून, हेही सांगतो. आम्ही गावात बसून विचारलं. ती आमच्याच एका मोहाखालून गेली होती. झाडाखालचा पाला पेटवून माणूस जेवायला घरी गेला, दुपारी वारा सुटला. त्यानं ग्रामसभेत कबूल केलं. आम्ही ते झाकलं नाही, इथंही झाकत नाही. पण एका माणसाच्या चुकीपायी सगळ्या गावाचा हक्क अडवायचा, हा कुठला न्याय?

हा न्याय इंग्रजाचा आहे. १९२७ चा वन कायदा अजून चालू आहे. त्याच्या कलम २६ मध्ये आहे की राखीव जंगलात कोणी मुद्दाम किंवा मोठ्या हयगयीनं आग लावली, तर सरकार त्या जंगलातला चराईचा आणि वनउपजाचा सगळा हक्क हवा तितके दिवस बंद ठेवू शकतं. म्हणजे लावणारा एक, उपाशी सगळे. आणि कलम ७९ म्हणतं की जंगलात ज्याचा हक्क आहे त्यानं आगीची खबर दिली पाहिजे, कोणी सांगो न सांगो, विझवायला धावलं पाहिजे. आम्ही धावतोच. कायदा नसता तरी धावलो असतो, आमचं पोट तिथं आहे.

खातं काहीच करत नाही असं आम्ही म्हणणार नाही. जाळरेषा काढतात, हंगामी माणसं ठेवतात. २००४ पासून डेहराडूनची संस्था उपग्रहावरून आगीची खबर पाठवते. पण उपग्रहाला धूर-आग दिसते, लावणारा दिसत नाही. आणि खबर साहेबाच्या मोबाईलवर जाते, गावाला जात नाही. जवळ कोण असतं? आपण.

तेंदूच्या आगीचंही बोललं पाहिजे. खुटकटाईला मजूर लावले तर पैसा लागतो. काडी फुकट आहे. जंगल जाळलं की तेंदूला कोवळी पालवी फुटते, म्हणून ठेकेदाराची माणसं हे करत आली आहेत, आणि दहा-वीस रुपये घेऊन काडी लावणारा कधी कधी आपल्यातलाच असतो. त्यात चारोळीची, आवळ्याची रोपं जातात, बांबूचं बेट धडधडून पेटतं, मग पावसात वास्ते कुठून निघणार? गुरांचं गवत जातं. थोरला साग काळा पडून उभा राहतो, म्हणून लांबून जंगल शाबूत दिसतं. खाली जाऊन बघा, नवं काही उरलेलं नसतं.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, कलम ५ वाचा. मेंढा (लेखा) ला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला. आग लागली म्हणून दावा फेटाळा, असं त्या कायद्यात कुठंही नाही. समितीत कोणी म्हणालं तर कलम दाखवा म्हणायचं.

आमच्या गावानं या साली असं ठरवलं आहे. मोहाखाली पाला जाळायचा नाही, झाडून बाजूला ओढायचा, जुनं लुगडं नाहीतर जाळी अंथरायची. ज्याला जाळल्याशिवाय भागतच नाही त्यानं पहाटे, दव असताना, भोवतीची जागा साफ करून जाळायचं आणि राख गार होईस्तोवर हलायचं नाही. ज्या गावांची ग्रामसभा तेंदू स्वतः विकते, त्यांनी करारात खुटकटाईची मजुरी लिहून घ्यावी आणि आग लागली तर फळी बंद, हेही. वनव्यवस्थापन समितीतून रोज दोघं पहारा देतील. कुठं पेटलं, किती वाजता, कोण गेलं, सगळं वहीत लिहायचं. ती वही आपला पंचनामा. दुसऱ्याच्या पंचनाम्यावर वाचून घेतल्याशिवाय अंगठा नाही. वाचणारं कोणी नसेल तर शाळेतल्या पोरीला बोलवा, साहेब थांबतील.

हा ठराव होळीच्या आत करा. एक प्रत रेंज ऑफिसात, एक तहसीलला द्या, आणि तिसरीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. मागं आम्ही पोच घेतली नव्हती, आणि असा कागद आलाच नाही असं आम्हाला तोंडावर सांगितलं गेलं.